प्रवासासाठी उष्णतारोधक बाटली : निवड झाकणावरून करावी

बेंगळुरू : व्हाइटफील्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीकडे कामाला जाणाऱ्या माणसाच्या पाठीवरील पिशवीत लॅपटॉप, चार्जर, जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली या वस्तू तासन् तास एकमेकींना खेटून असतात. दुचाकीवर गतिरोधकाचे धक्के, बसमध्ये उभ्याने प्रवास, मेट्रोच्या तपासणी यंत्रावर आडवी पडणारी पिशवी, या साऱ्यांत बाटली क्वचितच सरळ उभी राहते. तिच्यातून अर्धा पेला पाणी पाझरले तरी होणारे नुकसान बाटलीच्या किमतीच्या कित्येक पट असते. असे असूनही खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारला जाणारा पहिला, आणि बहुधा एकमेव, प्रश्न ‘पाणी किती तास गार राहते?’ हाच असतो.

या प्रश्नाचे उत्तर बाटलीच्या दुहेरी भिंतीत असते. ती गळेल की नाही याचे उत्तर झाकणात. हे दोन वेगळे भाग असून त्यांचा दर्जाही वेगवेगळा असू शकतो. उत्तम भिंत आणि सुमार झाकण अशी जोडी बाजारात मुबलक आढळते, कारण भिंतीची कामगिरी तासांच्या आकड्यात छापता येते आणि झाकणाची येत नाही.

बेंगळुरूच्या बाबतीत तासांचा हा आकडा आणखी एका कारणाने दुय्यम ठरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या या शहराचे हवामान सौम्य आहे. एप्रिल २०१६ मध्ये येथे ३९.२ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले, तेव्हा तो विक्रम ठरला होता. चंद्रपूर किंवा नागपूरमध्ये मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे पारा जाणे ही बातमीही नसते. विदर्भात दिवसभर उन्हात हिंडणाऱ्या माणसाला चोवीस तास गारवा टिकवणारी जाड, जड बाटली उपयोगी पडेल. बेंगळुरूत सकाळी आठला भरलेले पाणी दुपारपर्यंत गार आणि चहा-कॉफी अकरापर्यंत गरम राहिली की काम भागते. चांगल्या बनावटीची कोणतीही निर्वात बाटली एवढे करतेच. म्हणून येथील रोजच्या प्रवाशाने भिंतीपेक्षा झाकण, वजन आणि प्रमाणपत्र यांकडे अधिक लक्ष द्यावे हे श्रेयस्कर.

थर्मासपासून पोलादी बाटलीपर्यंत

निर्वात बाटलीचे मूळ प्रयोगशाळेत आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये द्रवरूप वायू साठवण्यासाठी काचेचे दुहेरी भिंतीचे भांडे तयार केले आणि दोन भिंतींमधील हवा काढून टाकली. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. जर्मन काच कारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी ती कल्पना घरगुती वापरासाठी बाजारात आणली आणि १९०४ पासून ‘थर्मॉस’ हे नाव रूढ झाले. ग्रीक भाषेतील उष्णतावाचक शब्दावरून ते घेतले होते. अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी १९१३ मध्ये संपूर्ण पोलादी निर्वात बाटली बनवली. आजच्या बाटल्या तिच्याच वंशातील आहेत.

या इतिहासाचा एक धागा बेंगळुरूपर्यंतही येतो. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी बेंगळुरूची शिफारस करणारे विल्यम रॅम्से हे ड्यूअर यांचे प्रसिद्ध प्रतिस्पर्धी होते. भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्से यांचे सहकारी. या दोघांनी १८९८ मध्ये द्रवरूप हवेच्या साहाय्याने निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू शोधले होते.

मराठी घरांत मात्र थर्मास आला तो काचेचा. महाराष्ट्रातील काचउद्योगाचा एक महत्त्वाचा आरंभ तळेगाव दाभाडे येथे झाला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने १९०८ मध्ये तेथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. पुढे त्याच गावातील कारखान्यातून निघालेला ‘ईगल’ थर्मास अनेक घरांत पोहोचला. दवाखान्यात रुग्णासाठी दूध किंवा पेज नेणे हे त्याचे ठरलेले काम होते. तो उष्णता उत्तम धरत असे, पण हातातून निसटला की आतून खळकन आवाज यायचा आणि त्याचे आयुष्य संपायचे. पोलादाने हा धोका संपवला. मात्र थर्मास हातात, सरळ धरून नेला जाई. पोलादी बाटली पिशवीत आडवी पडू लागली, आणि गळतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला.

भिंत काय करते

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी जाते. दोन पोलादी भिंतींमधील हवा काढून टाकल्याने पहिले दोन मार्ग जवळपास बंद होतात. तिसऱ्यासाठी काही कंपन्या आतील भिंतीच्या बाहेरच्या बाजूस तांब्याचा पातळ थर देतात. काचेच्या थर्मासमध्ये हेच काम चांदीचा मुलामा करीत असे. उरते ते बाटलीचे तोंड. तेथे दोन्ही भिंती एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वर झाकण असते. बहुतेक उष्णता येथूनच जाते. म्हणूनच रुंद तोंडाची बाटली धुण्यास सोपी, परंतु उष्णता टिकवण्यात अरुंद तोंडाच्या बाटलीहून उणी असते. अर्धी भरलेली बाटली पूर्ण भरलेलीपेक्षा लवकर निवते आणि लहान बाटली मोठीपेक्षा लवकर, हेही ध्यानात ठेवावे.

‘२४ तास गरम’ या छापील दाव्याचा अर्थ चोवीस तासांनंतर चहा वाफाळता असेल असा नसतो. पाणी किती अंशांवर भरले, भोवतालचे तापमान किती होते आणि शेवटी किती अंशांना ‘गरम’ म्हटले, या तीन गोष्टींवाचून तो आकडा निरर्थक आहे. जपानी कंपन्यांच्या बाटल्यांवर सहा तासांनंतर पाणी किमान किती अंशांवर राहील हे नोंदवण्याची पद्धत आहे. ती अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. भारतीय ग्राहकाने वेष्टनावर तासांसोबत अंशही दिलेले असतील त्या बाटलीला प्राधान्य द्यावे.

गळती कोठून होते

पाणी रोखण्याचे काम झाकणाच्या आत बसवलेला सिलिकॉनचा वायसर करतो. झाकण आट्यांवर फिरवून घट्ट केले की तो बाटलीच्या कडेवर दाबला जातो आणि फट बुजते. यापलीकडे त्यात कोणतेही गुपित नाही. अर्थात झाकणाला जितकी अधिक छिद्रे, तितके अधिक वायसर, आणि गळतीच्या तितक्या अधिक जागा.

या कसोटीवर आट्यांचे एकसंध, बिनछिद्री झाकण सर्वांत भरवशाचे. त्यात एकच वायसर असतो, तो डोळ्यांना दिसतो, बोटाने काढता येतो आणि झिजला तर कळतो. गैरसोय अशी की पाणी पिताना दोन्ही हात लागतात आणि झाकण सांभाळावे लागते. बाटलीला पट्टीने जोडलेले झाकण ही अडचण बरीच कमी करते.

बटण दाबताच उघडणारे झाकण एका हाताने वापरता येते. त्यात दोन वायसर असतात, एक आट्यांपाशी आणि दुसरा पिण्याच्या तोंडाशी. पिशवीत एखाद्या वस्तूचा दाब बटणावर पडला की ते उघडते. म्हणून असे झाकण घ्यायचे तर त्याला अडकवण्याची स्वतंत्र कडी हवीच. कडी लावल्यावर बटण जोरात दाबून पाहावे. झाकण किंचितही हलले तर ती बाटली दुकानातच ठेवावी.

नळीचे झाकण मुलांना आणि व्यायामशाळेत जाणाऱ्यांना आवडते. प्रवासासाठी ते सर्वांत कच्चे. नळी, तिचा सांधा, हवा आत घेणारे बारीक छिद्र आणि मिटणारे तोंड अशा चार ठिकाणांहून पाणी येऊ शकते. शिवाय गरम पेयासाठी ते वापरू नये. नळीतून कढत द्रव थेट घशात जातो.

थर्मासच्या धाटणीचे, आत दाबून ओतण्याचे बूच आणि वर पेल्यासारखे झाकण असलेली बाटली चहा वाटून पिणाऱ्यांना सोयीची. त्या बुचाच्या आत स्प्रिंग आणि अरुंद मार्ग असतो. दूध घातलेला चहा तेथे साकळतो आणि काही आठवड्यांनी वास येऊ लागतो. जे बूच पूर्ण सुटे होत नाही ते घेऊ नये.

वेष्टनावरील शब्दही नीट वाचावेत. ‘लीक-प्रूफ’ म्हणजे बाटली उलटी केली तरी न गळणारी, असा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. ‘स्पिल-प्रूफ’ किंवा ‘स्प्लॅश-प्रूफ’ म्हणजे कलंडल्यास एकदम न सांडणारी, एवढेच. मोटारीच्या कपात ठेवायचे अनेक पेले दुसऱ्या प्रकारचे असतात आणि ते पिशवीत ठेवण्यासाठी बनवलेले नसतात.

गार पाण्याने घेतलेली परीक्षा अपुरी

नवी बाटली घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच पारखावी, म्हणजे परत करण्याची मुदत हातात राहते. बाटली काठोकाठ न भरता थोडी रिकामी ठेवावी, बाहेरून कोरडी पुसावी, झाकणाभोवती कोरडा कागदी रुमाल गुंडाळून ती तासभर आडवी आणि नंतर अर्धा तास उलटी ठेवावी. मधूनमधून हलवावी. कागदावर ओलसर डाग दिसला की निर्णय झाला.

बहुतेक जण येथेच थांबतात. हीच परीक्षा गरम पाण्याने पुन्हा घेणे आवश्यक आहे. गरम पाणी भरून झाकण लावल्यावर आत अडकलेली हवा तापते, तिच्यात वाफेची भर पडते आणि दाब वाढतो. बाटली हलवली की तो आणखी चढतो. गार पाण्यात निर्दोष ठरलेला वायसर या दाबाखाली हार मानतो. बेंगळुरूत उंचीमुळे पाणी साधारण ९७ अंशांवर उकळते. परीक्षेसाठी ते पाच-सात मिनिटे निवू देऊन भरावे आणि बाटली मोरीत, हातापासून दूर ठेवून पाहावी. उलट, गरम पेय निवाल्यावर आतील दाब कमी होतो आणि झाकण घट्ट बसते. ते उघडत नसल्यास झाकणावर गरम पाणी सोडावे, पक्कड लावू नये.

याच वेळी भिंतीचीही पारख होते. गरम पाणी भरल्यावर दहा मिनिटांनी बाटलीच्या अंगावरून हात फिरवावा. तोंडाजवळ ऊब लागणे स्वाभाविक आहे. मध्यभागी किंवा बुडाशी चटका बसला तर आतील निर्वात पोकळी गेलेली आहे, असे समजावे.

दाबाचा हा नियम दूरच्या प्रवासातही अनुभवास येतो. मुंबईत समुद्रसपाटीवर बंद केलेली बाटली उद्यान एक्स्प्रेसने बेंगळुरूला आणून उघडली, तर बाहेरचा हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी झालेला असतो. विमानात हा फरक मोठा. प्रवासी कक्षातील दाब उड्डाणादरम्यान समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. नळीच्या बाटलीत वर कोंडलेली हवा प्रसरण पावून पाण्याला खाली दाबते आणि तोंड उघडताच नळीतून पिचकारी उडते. यावर उपाय म्हणजे उड्डाणानंतर प्रथम मुख्य झाकण किंचित सैल करून हवा सोडावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरहून अधिक द्रव सुरक्षा तपासणीतून नेता येत नाही, त्यामुळे बाटली रिकामी करून न्यावी आणि आत गेल्यावर भरावी.

पोलाद आणि शिक्का

पाण्याशी संबंध येणारी आतील भिंत ३०४ दर्जाच्या पोलादाची असावी. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून त्याला ‘१८/८’ असेही लिहितात. स्वस्त बाटल्यांत २०० मालिकेतील पोलाद वापरले जाते. त्यात निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि मीठ व आंबट पदार्थांपुढे ते लवकर नमते. लोहचुंबक लावून पारख करण्याचा घरगुती उपाय येथे फसवा आहे. २०० मालिकेचे पोलादही चुंबकाला फारसे दाद देत नाही, आणि आकार देताना ताणले गेलेले अस्सल ३०४ पोलाद किंचित ओढले जाऊ शकते.

यापेक्षा शिक्का पाहणे बरे. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने २०२३ मध्ये काढलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांनुसार घरगुती वापराचे उष्णतारोधक फ्लास्क आणि बाटल्या भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राच्या कक्षेत आल्या आहेत. आयएसआय चिन्हाच्या वर भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी आहे हे दिसते. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि ऑनलाइन खरेदीत ती विशेष गरजेची. २०२५ मध्ये ब्युरोने दिल्ली आणि गुरुग्राम परिसरातील ऑनलाइन विक्रीच्या गोदामांवर छापे घालून जप्त केलेल्या अप्रमाणित मालात निर्वात बाटल्याही होत्या.

बाटलीच्या बुडाकडेही एकदा पाहावे. भिंतींमधील हवा काढल्यानंतर ते छिद्र तेथे बंद केले जाते आणि त्यावर चकती बसवतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने या ठिकाणच्या जोडकामात शिसे वापरले जात असल्याचे मान्य केले होते. पोलादी आवरणाखाली असल्याने वापरणाऱ्याचा त्याच्याशी संबंध येत नाही, असे तिचे म्हणणे होते. बुडाची चकती निघून आली असेल तर ती बाटली, विशेषतः लहान मुलांच्या हातची, वापरातून काढावी.

आकाराबाबत मोह आवरावा. एक लिटरची रिकामी पोलादी बाटलीच साधारण अर्धा किलोच्या आसपास भरते. पाण्यासह दीड किलो ओझे पाठीवर येते. कार्यालयात पाणी उपलब्ध असेल तर ५०० ते ७५० मिलिलिटर पुरते. पिशवीच्या बाहेरील कप्प्यात बाटली बसते की नाही हे पाहूनच व्यास ठरवावा, कारण कोणतेही झाकण शंभर टक्के भरवशाचे मानून लॅपटॉपशेजारी ठेवणे शहाणपणाचे नाही.

काय भरावे, कसे धुवावे

पाणी, काळा चहा, बिनदुधाची कॉफी यांना अडचण नाही. सोडायुक्त पेये आणि कोरडा बर्फ बंद बाटलीत कधीही भरू नयेत. वायूचा दाब झाकण उडवू शकतो. ताक, सोलकढी, लिंबू सरबत किंवा सांबार काही तासांत संपवून बाटली लगेच धुवावी, कारण मीठ आणि आम्ल पोलादावर डाग पाडतात आणि ताक आंबत राहते. दुधाचे पदार्थ अधिक जोखमीचे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू वेगाने वाढतात आणि हळूहळू निवणारी बाटली दुधाला नेमकी त्याच पट्ट्यात तासन् तास ठेवते. फिल्टर कॉफी न्यायची तर डिकॉक्शन बाटलीत आणि दूध कार्यालयात गरम करून, हा मार्ग चांगला. तान्ह्या बाळासाठी पावडरचे दूध तयार करून बाटलीत नेऊ नये. उकळलेले पाणी निर्वात बाटलीत आणि पावडर वेगळी न्यावी आणि गरजेच्या वेळी दूध बनवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पावडर मिसळताना पाणी ७० अंशांहून कमी नसावे आणि तयार दूध बाळाला सोसवेल इतके निववूनच द्यावे.

बेंगळुरूत धुण्याचा प्रश्न पाणी कोठून येते यावर अवलंबून आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन शहराला दररोज ७७.५ कोटी लिटर अधिक पाणी मिळण्याची सोय झाली. तरीही अनेक वसाहती विंधन विहिरी आणि टँकरवर विसंबून आहेत. ते पाणी जड असते आणि बाटलीच्या तळाशी व वायसरखाली क्षारांचा पांढरा थर धरते. हा थर वायसरला नीट टेकू देत नाही, आणि बाटली ‘अचानक’ गळू लागते. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून तासभर ठेवल्यास तो सुटतो. वासासाठी खाण्याचा सोडा पुरेसा. दोन्ही वेळी झाकण उघडे ठेवावे. ब्लीच आणि तारेची घासणी टाळावी.

वायसर आठवड्यातून एकदा काढून धुवावा आणि वाळवून, त्याच बाजूने परत बसवावा. उलटा बसलेला वायसर हे गळतीचे अगदी सामान्य कारण आहे. वर्ष-दीड वर्षाच्या रोजच्या वापराने तो ताठर किंवा सैल होऊ शकतो. म्हणून सुटा वायसर किंवा सुटे झाकण मिळते का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. मिळत असल्यास थोडी महाग बाटलीही शेवटी स्वस्त पडते; अन्यथा बोटभर सिलिकॉनपायी चांगले पोलाद भंगारात जाते. भिंतीचे तसे नाही. खाली पडून चेपलेल्या बाटलीची निर्वात पोकळी गेली तर ती घरी दुरुस्त होत नाही, पण झाकण शाबूत आणि आतील पोलाद स्वच्छ असेल तर ती साध्या पाण्यासाठी पुढेही वापरता येते.